इंग्रजी विचारा : ‘जायचो’, ‘जात होतो’ आणि इंग्रजीतला भूतकाळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची अडचण एकच आहे. पूर्वी वारंवार घडणारी गोष्ट इंग्रजीत कोणत्या काळात सांगायची? ‘वेन्ट’, ‘वॉज गोइंग’, ‘यूज्ड टू गो’, ‘वुड गो’, ‘हॅड गॉन’ ही पाचही रूपं शाळेत शिकवली जातात, पण बहुधा वेगवेगळ्या धड्यांत. त्यामुळे पाचांतून एक निवडायची वेळ आली की गडबड होते. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत. उदाहरणातली इंग्रजी वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा.

प्रश्न : निबंधात मी ‘आय वॉज गोइंग टू माय ग्रँडमदर्स व्हिलेज एव्हरी समर’ असं लिहिलं. सरांनी ‘वॉज गोइंग’ खोडून ‘वेन्ट’ केलं. ‘मी दर उन्हाळ्यात आजीच्या गावी जात होतो’ हे मराठीत चालतं, मग इंग्रजीत चूक का?
— बारावीचा विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : सरांची दुरुस्ती योग्य आहे. मराठीतलं ‘जात होतो’ हे रूप दोन कामं करतं. ‘मी जात होतो तेवढ्यात पाऊस आला’ या वाक्यात एका ठरावीक वेळी अर्ध्यावर असलेली क्रिया आहे. ‘मी दर उन्हाळ्यात जात होतो’ यात मात्र अनेकदा झालेली आणि प्रत्येक वेळी पूर्ण झालेली क्रिया आहे. या दुसऱ्या कामासाठी मराठीत जायचो, जात असे, जाई अशी स्वतंत्र रूपं आहेत. व्याकरणात त्याला रीती भूतकाळ म्हणतात. पण बोलताना आपण ‘जात होतो’वर भागवतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून बरोबर कळतं. इंग्रजीतलं ‘वॉज गोइंग’ मुख्यतः पहिल्या कामाचं आहे. त्याच्यापुढे ‘एव्हरी समर’ आलं की वाचणारा अडखळतो, कारण दर उन्हाळ्यात तुम्ही वाटेतच होतात आणि पोहोचला नाहीत, असं काहीसं चित्र उभं राहतं.

यावर एक साधी चाचणी आहे. तुमच्या मराठी वाक्यात ‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ घालून पाहा. ‘मी दर उन्हाळ्यात आजीच्या गावी जायचो’ हे सहज बसतं. बसलं की ‘वॉज’ आणि ‘आयएनजी’ बाजूला ठेवा. ‘मी जायचो तेवढ्यात पाऊस आला’ हे कानाला खटकतं. तिथे ‘आय वॉज गोइंग’ हवं.

घरी अहिराणी बोलत असाल तर हा भेद तुमच्या कानाला आधीच माहीत आहे. ‘तू काय करस?’ आणि ‘तू काय करी राहिना?’ या दोन प्रश्नांची कोणी गल्लत करत नाही. पहिल्याला ‘शेती करस’ असं उत्तर येतं, दुसऱ्याला ‘जेवण करी राहिनू’. नेहमीचं काम एका रूपात, आत्ता हातात असलेलं दुसऱ्यात. इंग्रजी भूतकाळातही हीच वाटणी आहे. वर्गात आपण प्रमाण मराठीच्या वाटेने इंग्रजीकडे जातो आणि घरातली ही वाटणी उंबऱ्याबाहेर राहते. खानदेशातल्या इंग्रजी शिक्षकांनी हा धडा अहिराणी वाक्यांपासून सुरू करावा, असं आम्हांला मनापासून वाटतं.

तुमच्या वाक्याची दोन बरोबर रूपं होतात : ‘आय वेन्ट टू माय ग्रँडमदर्स व्हिलेज एव्हरी समर’ आणि ‘आय यूज्ड टू गो टू माय ग्रँडमदर्स व्हिलेज एव्हरी समर’. या दोहोंतला फरक पुढच्या उत्तरात पाहा.

प्रश्न : ‘वेन्ट’ही चालतं आणि ‘यूज्ड टू गो’ही चालतं, तर नेमकं कधी काय घ्यायचं? की दोन्ही सारखंच?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : सारखं नाही. साध्या भूतकाळाला, म्हणजे ‘वेन्ट’, ‘सोल्ड’, ‘वॉटर्ड’ या रूपांना, क्रिया एकदा झाली की शंभरदा याच्याशी देणंघेणं नसतं. ते वाक्यातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. ‘वुई सोल्ड अवर बनानाज इन रावेर’ एवढंच म्हटलं तर एकदाच विकली की दरवर्षी, हे कळत नाही. ‘वुई सोल्ड अवर बनानाज इन रावेर एव्हरी इयर’ म्हटलं की शंका उरत नाही. म्हणजे एव्हरी डे, ऑन संडेज, ऑफन, ऑल्वेज, इन दोज डेज असा एखादा शब्द जोडीला असेल, तर साधा भूतकाळ पुरतो. पत्रात, अर्जात, बातमीत आम्ही शक्यतो तोच वापरायला सांगू, कारण त्यात चुकायला जागा कमी.

‘यूज्ड टू’ मात्र ती वारंवारता स्वतःच्या पोटात घेऊन येतं, आणि सोबत आणखी एक गोष्ट आणतं : आता तसं राहिलेलं नाही. ‘वुई यूज्ड टू सेल अवर बनानाज इन रावेर’ ऐकल्यावर समोरचा लगेच विचारेल, मग आता कुठे विकता? तुम्ही अजूनही रावेरलाच विकत असाल, तर हे वाक्य दिशाभूल करतं. पाचोरा ते जामनेर नॅरोगेज गाडीबद्दल ‘अ नॅरोगेज ट्रेन यूज्ड टू रन बिटवीन पाचोरा अँड जामनेर’ हे चपखल बसतं, कारण ती आता तशी धावत नाही. भुसावळ–मुंबई रेल्वेबद्दल तेच लिहिलं तर वाचणारा घाबरेल.

क्रिया नसून स्थिती असेल तरी ‘यूज्ड टू’ चालतं. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. इंग्रजीत ‘मुक्ताईनगर यूज्ड टू बी कॉल्ड एदलाबाद’. ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ म्हणजे इथे पूर्वी विहीर होती. ‘देअर वॉज अ वेल हिअर’ हेही बरोबरच, फक्त ‘आता नाही’ ही सूचना त्यात फिकट आहे.

प्रश्न : ‘यूज्ड टू’च्या जागी ‘वुड’ वापरलं की इंग्रजी चांगलं वाटतं, असं क्लासमध्ये सांगितलं जातं. मुलं मग सगळीकडे ‘वुड’ घालतात आणि काही वाक्यं विचित्र होतात. नियम काय?
— माध्यमिक शिक्षिका, चोपडा

उत्तर : हा प्रश्न सविस्तर घेण्यासारखा आहे, कारण ‘वुड’ दोन ठिकाणी फसतं.

पहिली जागा : स्थिती. ‘वुड’ जुनी सवय सांगतं ते फक्त घडणाऱ्या, करता येणाऱ्या गोष्टींबद्दल. राहणं, माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं या क्रियापदांबरोबर ते त्या अर्थाने चालत नाही. ‘वुई वुड लिव्ह इन चोपडा’ चूक, ‘वुई यूज्ड टू लिव्ह इन चोपडा’ बरोबर. ‘ही वुड हॅव टू बुलक्स’ चूक, ‘ही यूज्ड टू हॅव टू बुलक्स’ किंवा ‘ही हॅड टू बुलक्स’ बरोबर. ‘देअर वुड बी अ नीम ट्री इन द यार्ड’ हेही चूक, कारण झाड तिथे कायम उभं होतं, ते रोज येऊन उभं राहत नव्हतं. इथे एक बारकावा आहे. ‘बी’ आलं की ‘वुड’ नकोच, असं मुलांना सांगू नका. ‘ही वुड बी टायर्ड व्हेन ही केम होम’ हे निर्दोष वाक्य आहे, कारण तो थकवा दर संध्याकाळी नव्याने यायचा. स्थिती पुन्हा पुन्हा उद्भवणारी असेल तर ‘वुड’ चालतं, सलग असेल तर नाही.

दुसरी जागा : काळाची चौकट. ‘आय वुड गो टू द फील्ड अर्ली’ हे वाक्य एकटं ऐकलं की इंग्रजी कान पुढच्या ‘इफ’ची वाट पाहतो. मी लवकर गेलो असतो, जर... असं ते वाटतं. म्हणून ‘वुड’च्या आधी काळ पक्का करावा लागतो. ते काम पहिल्या वाक्यातलं ‘यूज्ड टू’ करतं, किंवा ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ यासारखा तुकडा करतो. एकदा चौकट पक्की झाली की पुढे ‘वुड’ मोकळेपणी वापरता येतं.

वर्गात फळ्यावर लिहायला हा उतारा घ्या. विषय मुलांच्या घरातला आहे, श्रावणातला कानबाई देवीचा उत्सव :

‘एव्हरी श्रावण, अवर होल फॅमिली यूज्ड टू गॅदर ॲट माय अंकल्स हाउस फॉर कानबाई. माय आंट वुड ग्राइंड द व्हीट फॉर द रोट, अँड वुई चिल्ड्रन वुड क्लीन द यार्ड. द हाउस वॉज स्मॉल, बट नोबडी माइंडेड. द विमेन सँग ऑल नाइट. वन इयर इट रेन्ड हेविली, अँड वुई मूव्ह्ड द गॉडेस टू द इनर रूम.’

आता एकेक क्रियापद तपासा. पहिल्या वाक्यातल्या ‘यूज्ड टू गॅदर’ने चौकट घातली. काकू गहू दळायची, मुलं अंगण साफ करायची, या दरवर्षीच्या क्रिया, म्हणून ‘वुड’. घर लहान होतं ही सलग स्थिती, म्हणून ‘वॉज’. बायका रात्रभर गायच्या इथे ‘वुड सिंग’ चाललं असतं, पण सलग चार वाक्यांत ‘वुड’ आलं की कंटाळा येतो. चौकट पक्की असल्यामुळे साधं ‘सँग’सुद्धा दरवर्षीचाच अर्थ देतं. शेवटचं वाक्य एका वर्षीचं आहे, ‘वन इयर’. तिथे साधा भूतकाळच लागतो. ‘वन इयर इट वुड रेन’ लिहिणारा विद्यार्थी नियम पाठ करून आलेला असतो, गोष्ट डोळ्यांसमोर आणून नाही.

हा उतारा देऊन पहिलं वाक्य पुसून टाका आणि मुलांना उरलेला वाचायला सांगा. ‘वुड’ कसं लटकून राहतं ते त्यांना आपोआप दिसेल.

प्रश्न : ‘आय यूज्ड टू व्हिजिट द सारंगखेडा फेअर फोर टाइम्स’ यात काय चुकलं?
— शहादा

उत्तर : आकडा. एकूण किती वेळा हे सांगितलं की ती मोजलेली घटना झाली, सवय राहिली नाही. ‘आय व्हिजिटेड द सारंगखेडा फेअर फोर टाइम्स’ म्हणा. तुमचं जाणं अजून चालू असेल, यंदाच्या दत्तजयंतीलाही बेत असेल, तर ‘आय हॅव बीन टू द सारंगखेडा फेअर फोर टाइम्स’. मात्र या ‘हॅव बीन’बरोबर ‘इन 2019’, ‘इन माय चाइल्डहुड’ असा संपलेला काळ जोडायचा नाही. तो आला की पुन्हा साधा भूतकाळ.

एकूण कालावधीचंही तसंच. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन धुळे फॉर सिक्स इयर्स’ असं लिहू नका, ‘आय लिव्ह्ड इन धुळे फॉर सिक्स इयर्स’ लिहा. ‘अंटिल’ने शेवटचं टोक सांगितलं तरी साधा भूतकाळच बरा : ‘नंदुरबार वॉज पार्ट ऑफ धुळे डिस्ट्रिक्ट अंटिल 1998’. साल काढून टाकलंत तर ‘नंदुरबार यूज्ड टू बी पार्ट ऑफ धुळे डिस्ट्रिक्ट’ सुरेख बसतं.

पण प्रत्येक आकडा वाईट नाही. ‘वुई यूज्ड टू वर्क फॉर टेन अवर्स अ डे’, ‘शी यूज्ड टू गो टू द मार्केट ट्वाइस अ वीक’ ही वाक्यं बरोबर आहेत. इथले दहा तास रोजचे आहेत आणि दोन खेपा आठवड्याच्या आहेत, आयुष्यभराची बेरीज नाही. आकडा दिसला की तो दर खेपेचा की एकूण, एवढं विचारा.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात जुन्या कामाचा अनुभव लिहायचा आहे. ‘आय वॉज वर्किंग इन अ जिनिंग मिल फ्रॉम 2016 टू 2019’ बरोबर आहे का? मित्र म्हणतो ‘आय हॅड वर्क्ड’ लिही.
— जळगाव

उत्तर : दोन्ही नको. ‘आय वर्क्ड इन अ जिनिंग मिल फ्रॉम 2016 टू 2019’. सुरुवात आणि शेवट दोन्ही माहीत आहेत, काम पूर्ण झालेलं आहे. त्या नोकरीत रोज काय करत होतात तेही याच काळात लिहा : ‘आय चेक्ड द मॉइश्चर ऑफ इन्कमिंग कॉटन, केप्ट द स्टॉक रजिस्टर अँड प्रिपेअर्ड डेली रिपोर्ट्स’. अर्जात ‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’ दोन्ही टाळा. ती आठवणी सांगण्याची रूपं आहेत. अर्ज वाचणाऱ्याला तुम्ही काय केलंत एवढंच हवं असतं. सध्याची नोकरी असेल तर ‘आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2019’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019’.

मुलाखतीत ‘व्हॉट वेअर यू डूइंग इन 2020?’ असं विचारलं तर मात्र ‘आय वॉज प्रिपेअरिंग फॉर एक्झाम्स’ हे योग्य उत्तर आहे. त्यांनी एक काळ दाखवून त्या वेळी काय चाललं होतं ते विचारलेलं असतं.

प्रश्न : मग ‘हॅड’ कधी वापरायचं? ‘काल मी भुसावळला गेलो होतो’ याचं ‘आय हॅड गॉन टू भुसावळ यस्टरडे’च होणार ना?
— यावल

उत्तर : मराठी ‘गेलो होतो’ ऐकून हात आपोआप ‘हॅड गॉन’ लिहितो, पण कालची एकटी घटना ‘आय वेन्ट टू भुसावळ यस्टरडे’ अशीच सांगायची. ‘हॅड’ला भूतकाळातली दुसरी घटना लागते, आणि ‘हॅड’वाली तिच्या आधीची असते. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’, मी पोहोचलो त्याआधीच गाडी सुटली होती. वारंवार घडणाऱ्या गोष्टींतही हाच हिशेब : ‘बिफोर द बोअरवेल केम, वुई हॅड कॅरीड वॉटर फ्रॉम द रिव्हर फॉर इयर्स’. बोअरवेल वाक्यातून काढली तर ‘हॅड’ही जातं आणि ‘वुई कॅरीड वॉटर फ्रॉम द रिव्हर फॉर इयर्स’ एवढंच राहतं.

प्रश्न : ‘डिडन्ट यूज्ड टू’ की ‘डिडन्ट यूज टू’? आणि उच्चार ‘यूझ्ड’ की ‘यूस्ट’?
— शिरपूर

उत्तर : लिहिताना ‘डिड’ आलं की मूळ क्रियापद, म्हणून शेवटचा ‘डी’ गळतो. ‘डिड यू यूज टू प्ले कबड्डी?’, ‘वुई डिडन्ट यूज टू लॉक द डोअर’. मराठी माध्यमात 2000 सालापर्यंत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यावरून ‘चिल्ड्रन डिडन्ट यूज टू लर्न इंग्लिश बिफोर क्लास फाइव्ह’. हे जड वाटलं तर ‘नेव्हर यूज्ड टू’ घ्या, त्यात ‘डी’ टिकून राहतो.

उच्चार ‘यूस्टू’. ‘वापरला’ या अर्थाचं ‘यूझ्ड’ वेगळं, त्यात ‘झ’ ऐकू येतो. छपाईत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वाचताना गोंधळ होतो.

प्रश्न : ‘मी पहाटे पाचला उठतो’ यासाठी माझी मुलगी ‘आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणते. आणि ‘आय ॲम यूज्ड टू’ हे काय प्रकरण आहे?
— पारोळा

उत्तर : जुन्या सवयीच्या या ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळ नाही. आजची सवय ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ किंवा ‘आय युज्वली गेट अप ॲट फाइव्ह’. ‘आय ॲम यूज्ड टू’ म्हणजे अंगवळणी पडलं आहे, आणि त्याच्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’ लागतं : ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’, ‘वुई आर यूज्ड टू द हीट’. मे महिन्यात जळगावला आलेल्या पाहुण्याला हे दुसरं वाक्य ऐकवायला हरकत नाही.

प्रश्न : ‘वॉज’ आणि ‘आयएनजी’ वारंवारतेला चालत नाही असं सांगितलं जातं, पण ‘द पंप वॉज ऑल्वेज ब्रेकिंग डाउन’ असं वाक्य वाचलं. ते चूक आहे का?
— एरंडोल

उत्तर : चूक नाही. ‘ऑल्वेज’ बरोबर आलं की हे रूप सवयीपेक्षा सांगणाऱ्याचा वैताग दाखवतं : पंप सारखा बंद पडायचा, नको तेव्हा पडायचा. कधी कौतुकही असतं, जसं ‘शी वॉज ऑल्वेज हेल्पिंग पीपल’. ‘द पंप ऑल्वेज ब्रोक डाउन इन मे’ हे कोरडं निवेदन आहे, त्यात वैताग नाही. तुम्हांला नुसती माहिती द्यायची आहे की त्रास सांगायचा आहे, त्यावर ठरवा.

आणखी एक सवलत आहे. थोड्या काळापुरती, तात्पुरती चाललेली पुनरावृत्ती असेल तर हे रूप शोभतं : ‘दॅट मंथ द कॉलेज वॉज बीइंग रिपेअर्ड, सो वुई वेअर स्टडिइंग ॲट होम’. एका महिन्यापुरतीची सोय, म्हणून ‘वेअर स्टडिइंग’. ‘एव्हरी समर’सारखी वर्षानुवर्षांची गोष्ट आली की परत पहिल्या उत्तराकडे.

प्रश्न : ‘जेव्हा जेव्हा लाइट जायची, आम्ही ओट्यावर बसायचो.’ दोन्हीकडे ‘वुड’ टाकायचं का?
— भडगाव

उत्तर : एकीकडेच. ‘व्हेनेव्हर’च्या तुकड्यात साधा भूतकाळ, मुख्य वाक्यात ‘वुड’ किंवा साधा भूतकाळ : ‘व्हेनेव्हर द पॉवर वेन्ट ऑफ, वुई वुड सिट ऑन द ओटा’, किंवा ‘व्हेनेव्हर द पॉवर वेन्ट ऑफ, वुई सॅट ऑन द ओटा’. ‘व्हेनेव्हर द पॉवर वुड गो’ बोलण्यात कानावर पडतं, परीक्षेत लिहू नका. ‘व्हेन’ घेतलंत तर अर्थ सांभाळा. ‘व्हेन द पॉवर वेन्ट ऑफ, वुई सॅट ऑन द ओटा’ हे एका रात्रीचंही असू शकतं. ‘व्हेन द पॉवर वेन्ट ऑफ, वुई वुड सिट ऑन द ओटा’ म्हटलं की ते नेहमीचंच.